सामायिक पेटीचा कारभार : वीज, वारा आणि विन्यास

एकाच पोलादी पेटीत सोळा सर्व्हर शेजारी शेजारी उभे बसवावेत, त्या सर्वांना वीज एकाच भांडारातून मिळावी, त्यांची उष्णता पंख्यांच्या एकाच ताफ्याने बाहेर काढावी आणि त्यांचा बाह्य जगाशी होणारा सारा व्यवहार पेटीच्या पाठीमागील मोजक्या दारांतून व्हावा, ही कल्पना ऐकावयास सोपी वाटते. परंतु गेल्या पंचवीस वर्षांत डेटा सेंटरांतून ती ज्या रीतीने राबविली गेली त्याचे अवलोकन केले असता असे स्पष्ट दिसते की, हा प्रश्न यंत्ररचनेचा जितका आहे तितकाच, किंबहुना त्याहून अधिक, कारभाराचा आहे. स्वतंत्र सर्व्हर आपली वीज, आपले पंखे आणि आपली ओळख स्वतःजवळ बाळगतो, आणि त्याच्या उधळपट्टीचा उपद्रव फारसा कोणास होत नाही. पेटीत आलेल्या सर्व्हरला मात्र यांपैकी काहीही स्वतःचे असे उरत नाही. आणि जे साधन सर्वांचे असते त्यावर खर्च पडण्यापूर्वी मागणी नोंदविली गेली पाहिजे, शिल्लक तपासली गेली पाहिजे आणि मगच मंजुरी मिळाली पाहिजे. वीज, शीतन आणि विन्यास ही तीन निरनिराळी खाती आहेत अशा समजुतीने या पेट्यांचा विचार बहुधा केला जातो. ती समजूत सोडून या तिन्हींकडे एकाच जमाखर्चाची तीन पाने म्हणून पाहिल्याशिवाय या पेट्यांचे गुण आणि दोष नीट उमगत नाहीत, असे माझे मत आहे आणि प्रस्तुत आढावा त्याच दृष्टीने घेतला आहे.

इतिहास थोडक्यात सांगता येईल. अमेरिकेतील टेक्सस राज्याच्या आरएलएक्स टेक्नॉलॉजीज या कंपनीने २००१ साली तीन यू उंचीच्या पेटीत चोवीस बारीक सर्व्हर, म्हणजेच ब्लेड, बसवून दाखविले. एक यू म्हणजे ४४.४५ मिलिमीटर, हे लक्षात घेतले म्हणजे त्या दाटीची कल्पना येते. ट्रान्समेटा कंपनीचे अल्प वीज खाणारे प्रोसेसर वापरल्यामुळेच ते साधले होते. पुढल्याच वर्षी आयबीएमने सात यू उंचीत चौदा ब्लेड बसविणारे ब्लेडसेंटर आणले, एचपीने आपली पी-क्लास मालिका आणली, आणि २००५ मध्ये आरएलएक्सच एचपीने विकत घेतली. परंतु ज्या पेटीमुळे या पद्धतीस स्थिर आणि सर्वमान्य रूप प्राप्त झाले ती एचपीची सी-७०००, जून २००६ मध्ये प्रसिद्ध झालेली. डेल कंपनीची एम-१०००ई ही २००८ मध्ये आणि सिस्कोची यूसीएस ही २००९ मध्ये आली. त्यांची वैशिष्ट्ये निराळी असली तरी सी-७००० ने मांडलेले प्रश्न त्यांनाही चुकले नाहीत, म्हणून येथे तीच पेटी मुख्य उदाहरण म्हणून घेतली आहे.

या निवडीस आणखी एक कारण आहे आणि ते महाराष्ट्रातले आहे. पुण्यात टाटा सन्सच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज या संस्थेने उभारलेला एका हा महासंगणक नोव्हेंबर २००७ च्या टॉप-५०० यादीत जगात चौथा आणि आशियात पहिला आला, तो याच मालिकेतील बीएल-४६०सी ब्लेडांवर उभा होता. यादीत त्याचे गाभे १४,२४० नोंदविले आहेत आणि त्याचा मोजलेला वेग ११७.९ टेराफ्लॉप्स आहे. प्रत्येक ब्लेडवर चार गाभ्यांचे दोन प्रोसेसर हे प्रमाण धरले तर ब्लेडांची संख्या पावणेअठराशेच्या पुढे आणि सोळा-सोळांच्या पेट्यांची संख्या शंभरावर जाते. प्रचलित सरळ रांगांऐवजी जवळजवळ वर्तुळाकार मांडणी त्या यंत्रशाळेत केली होती. एवढ्या पेट्या एकत्र आल्या म्हणजे एकेका पेटीतील लहानसहान निर्णय, जसे कोणता खण रिकामा ठेवावयाचा किंवा राखीव शक्ती किती धरावयाची, शंभरपटीने मोठे होऊन विजेच्या देयकात आणि चिलरांच्या आकारात उतरतात.

सी-७००० ची पेटी दहा यू उंचीची. समोरील बाजूस अर्ध्या उंचीचे सोळा ब्लेड, अथवा पूर्ण उंचीचे आठ. त्यांच्या खाली सहा पॉवर सप्लाय. मागील बाजूस दहा पंखे, पाच वर आणि पाच खाली, आणि त्यांच्या मधोमध नेटवर्क व साठवणयंत्रांकडे जाणाऱ्या जोडणी-मॉड्यूलांचे आठ खण. पुढचा आणि मागचा भाग जोडणारा मिडप्लेन मधल्या पडद्यासारखा उभा. या सर्वांवर अंमल चालविणारे मॉड्यूल म्हणजे ऑनबोर्ड अ‍ॅडमिनिस्ट्रेटर; ते एक असले तरी काम चालते, परंतु दुसरे बसविले तर पहिले बंद पडताच दुसरे कारभार हाती घेते. सिस्कोच्या रचनेत हा कारभारी पेटीत राहत नाही. अनेक पेट्यांवर मिळून एक जोडी फॅब्रिक इंटरकनेक्टची असते आणि दप्तर तेथे राहते. दोन्ही पद्धतींत हुकूम एकाच ठिकाणाहून सुटतात, इतके साम्य पुढील विवेचनास पुरेसे आहे.

ब्लेड खणात सारला म्हणजे तो आपोआप चालू होत नाही. त्याच्यावरील लहानसा नियंत्रक तेवढा प्रथम जागा होतो, आपण कोण आहोत आणि आपल्यावर कोणत्या जोडण्या आहेत हे पेटीच्या कारभाऱ्यास कळवितो आणि आपल्याला किती वीज लागेल याची मागणी करतो. कारभारी तीन गोष्टी तपासतो: या खणाच्या पाठीशी बसविलेले मॉड्यूल ब्लेडवरील जोडणीस अनुरूप आहे की नाही, या खणापुरते पंखे बसविले आहेत की नाहीत, आणि राखीव भाग वगळून विजेची शिल्लक या मागणीस पुरते की नाही. तिन्ही उत्तरे अनुकूल असली तरच मंजुरी मिळते. वीज, वारा आणि विन्यास यांची गाठ ज्या एका क्षणी पडते तो हा क्षण होय, आणि संपूर्ण रचनेतील सर्वांत उत्तम विचार मला येथेच दिसतो. कारण एका नव्या ब्लेडाच्या आगमनाने आधीचे पंधरा संकटात पडू नयेत, ही जबाबदारी येथे कोणा माणसाच्या सावधपणावर न सोपविता यंत्राच्या नियमांत गुंफलेली आहे.

विजेच्या बाबतीत सर्वाधिक गैरसमज राखीव शक्तीविषयी आढळतो. २,४०० वॅटचे सहा पॉवर सप्लाय म्हणजे १४,४०० वॅट, अशी बेरीज खरेदीच्या वेळी कागदावर मांडली जाते, आणि पुढे ७,००० वॅटच्या आसपासच पेटी नव्या ब्लेडास नकार देऊ लागली म्हणजे व्यवस्थापक चकित होतात. परंतु तीन सप्लाय एका फीडरवर आणि तीन दुसऱ्या स्वतंत्र फीडरवर, अशी दुपदरी व्यवस्था निवडली असेल, तर खर्चास उपलब्ध शक्ती ७,२०० वॅटच असते. उरलेली अर्धी ही पडून राहिलेली नसून, एक फीडर गेल्या क्षणी सारा भार उचलण्याच्या वचनात ती गुंतलेली असते. एकच सप्लाय बिघडण्यापुरती तरतूद पुरे असे ठरविले तर १२,००० वॅट मिळतात, परंतु मग फीडर गेल्यास भरलेली पेटी अंधारात जाते. काम अडले आणि ब्लेड सुरू होईना म्हणून राखीवपणाची निवड एका क्लिकसरशी खाली उतरविण्याचा मोह अशा वेळी होतो, आणि तो निर्णय ज्या दिवशी घेतला जातो त्या दिवशी त्याचा काहीच परिणाम दिसत नाही. परिणाम दिसतो तो कित्येक महिन्यांनी, दुरुस्तीसाठी एक यूपीएस बंद केला म्हणजे. आणि तोपर्यंत तो निर्णय कोणी आणि का घेतला याची नोंद बहुधा हरवलेली असते.

हाच हिशेब पेटीच्या बाहेरही चालू राहतो. दोन्ही फीडरांवर भार सारखा वाटला आहे आणि प्रत्येक फीडर आपल्या क्षमतेच्या साठ टक्क्यांवर आहे, हे दृश्य समाधानकारक वाटते. परंतु एक फीडर गेला की दुसऱ्यावर एकशेवीस टक्के भार येतो, त्याचा ब्रेकर सुटतो आणि ज्या दुपदरी व्यवस्थेसाठी दुप्पट खर्च केला ती दोन्ही पदरांनी एकदमच कोसळते. म्हणून पेटीच्या आतील नियम कितीही काटेकोर असला तरी रॅकमधील पीडीयूपासून यूपीएस आणि जनित्रापर्यंत प्रत्येक टप्प्यावर अर्ध्याच्या आत राहण्याचा दंडक पाळला गेला नाही, तर आतील शिस्त निरर्थक ठरते.

कार्यक्षमतेचा मुद्दा याच्या उलट दिशेने ओढतो. पॉवर सप्लायची कार्यक्षमता मध्यम भारावर उत्तम असते आणि अगदी हलक्या भारावर घसरते. दुपदरी व्यवस्थेत सहाही सप्लाय मिळून थोडा भार वाहत असले तर प्रत्येकजण नेमक्या त्या घसरणीच्या टोकाशी राहतो. यावर काढलेला तोडगा असा की, जितके सप्लाय खरोखर लागतात तितक्यांवरच भार एकवटावा, बाकीच्यांना सज्ज परंतु निवांत ठेवावे आणि मागणी वाढताच त्यांना कामास लावावे. दुपदरीपणा शाबूत ठेवून केलेली ही काटकसर मला सर्वथा स्वीकारार्ह वाटते. विजेला मर्यादा घालण्याची पद्धत त्याहून सूक्ष्म आहे: पेटीस एकूण अमुक वॅटची मर्यादा ठरवून द्यावी, आणि कोणत्या ब्लेडास त्यातील किती वाटा द्यावयाचा हे त्याच्या प्रत्यक्ष कामाकडे पाहून पेटीने सतत बदलत राहावे. सोळाही ब्लेड एकाच क्षणी शिखरावर नसतात, या अनुभवावर ती आधारलेली आहे. आणि म्हणूनच महासंगणकासारख्या ठिकाणी, जेथे एकच गणित सर्व ब्लेडांवर एकाच तालात चालते, तेथे तिचा लाभ जवळजवळ शून्य होऊन प्रोसेसरांचा वेग मात्र कमी होतो. कामाचे स्वरूप न विचारता सर्वत्र एकच मर्यादा लावण्याचे धोरण या कारणाने चुकीचे होय. वीज जाऊन परत आल्यावर सर्व ब्लेड एकदम उठू नयेत, आधी जोडणी-मॉड्यूल, मग साठवणयंत्रांशी निगडित ब्लेड आणि त्यानंतर उर्वरित, असा क्रम आणि कालांतर ठरवून देण्याची सोयही याच खात्यात मोडते.

शीतनाचे शास्त्र दोन साध्या संबंधांवर उभे आहे, आणि ते ध्यानात आले म्हणजे या पेट्यांतील बहुतेक निर्णयांचा उलगडा होतो. पहिला असा की, आत येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेत दहा अंश सेल्सियसचा फरक धरला, तर एक किलोवॅट उष्णता वाहून नेण्यास दर सेकंदास सुमारे ८३ लिटर हवा लागते. सहा किलोवॅटच्या पेटीस पाचशे लिटर, आणि बेचाळीस यूच्या रॅकमध्ये अशा चार पेट्या रचल्या तर दोन हजार लिटर. उंच जमिनीतील एखाद-दुसऱ्या सच्छिद्र फरशीतून एवढी हवा येत नाही, आणि जेथे ती येत नाही तेथे पेटीचे पंखे ती कमतरता मागील बाजूची तप्त हवा रॅकच्या वरून किंवा कडेने ओढून भरून काढतात. दुसरा संबंध असा की, पंख्याची हवा त्याच्या गतीच्या प्रमाणात वाढते, परंतु त्याला लागणारी वीज गतीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. गती अर्धी केली तर वीज एक अष्टमांश पुरते. स्वतंत्र सर्व्हरमधील चाळीस मिलिमीटरचे चिमुकले पंखे अतिशय वेगाने आणि बऱ्याच अपव्ययाने फिरतात. त्यांच्याऐवजी सर्वांत मिळून थोडे मोठे पंखे ठेवून ते सावकाश फिरवावेत, यात बचत आहे ती याच घनाच्या नियमामुळे.

परंतु त्याच नियमामुळे बिघाडाची किंमतही मोजावी लागते. दहापैकी एक पंखा बंद पडला आणि उरलेल्या नवांनी तेवढीच हवा देण्याचे ठरविले, तर त्यांची गती अकरा टक्क्यांनी वाढते आणि पंख्यांचा एकूण वीजखर्च सुमारे तेवीस टक्क्यांनी वाढतो. ही वाढ विजेच्या पानावर आधीच धरलेली नसेल, तर शीतनाचे संकट क्षणात विजेचे संकट होते. पंख्यांची संख्या आणि ब्लेडांचे स्थान यांविषयीचे नियमही पेटीत ठरलेले असतात: सी-७००० मध्ये चार पंख्यांवर दोनच ब्लेड, तेही नेमून दिलेल्या खणांत, सहा पंख्यांवर आठ, आणि त्यापुढे सोळा. चार निरनिराळे शीतन-विभाग कल्पून, ज्या विभागात उष्णता अधिक तेथील पंख्यांना अधिक गती देण्याची योजना तीत आहे. त्यामुळे एका कोपऱ्यातील तप्त ब्लेडापायी सगळी पेटी गर्जू लागत नाही.

रिकाम्या खणांविषयी येथे थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण प्रत्यक्षात सर्वांत जास्त हेळसांड तेथेच होते. पाटाचा बांध फुटला म्हणजे पाणी दूरच्या वाफ्यापर्यंत न पोहोचता फुटलेल्या ठिकाणीच वाहून जाते; पेटीतील हवा तशीच वागते, आणि रिकामा खण उघडा ठेवला तर काम करणाऱ्या ब्लेडातील अरुंद वाटा सोडून ती त्या मोकळ्या खणातून निघून जाते. हे टाळण्यासाठी प्रत्येक रिकाम्या खणास झाकण लावावयाचे असते. झाकणाची किंमत नगण्य आहे, ते बसविण्यास काही क्षण पुरतात, आणि तरीही ब्लेड दुरुस्तीस काढून नेताना तो खण तसाच उघडा राहिलेला पाहावयास मिळतो. जोडणी-मॉड्यूलांच्या मागील खणांना आणि रॅकमधील दोन यंत्रांमधल्या फटींनाही हेच लागू आहे.

खोलीचे तापमान किती ठेवावे याचे मार्गदर्शन अ‍ॅश्रे ही संस्था करते; तिने २००४ मध्ये सुचविलेली २० ते २५ अंशांची मर्यादा २००८ मध्ये १८ ते २७ अंशांपर्यंत रुंदावली. आपल्याकडील उन्हाळ्यात चिलरांवर जो बोजा पडतो तो पाहता ही सवलत मोलाची आहे, परंतु ती डोळे मिटून घेण्यासारखी नाही. खोलीचे तापमान वाढविले की चिलरची वीज वाचते हे खरे. त्याच वेळी पेटीचे पंखे वेग घेतात आणि घनाचा नियम त्या बचतीतून आपला हिस्सा कापू लागतो. एका बिंदूनंतर एकूण खर्च वाढतच जातो, आणि तो बिंदू कोठे आहे हे त्या त्या यंत्रशाळेत मोजूनच ठरवावे लागते. शिवाय दाट रॅकांच्या खोलीत वीज गेल्यावर सर्व्हर यूपीएसवर अखंड चालतात, पण चिलर पुन्हा सुरू होण्यास काही मिनिटे जातात. वीस-पंचवीस किलोवॅटच्या रॅकसमोर ती मिनिटे फार मोठी असतात, आणि आधीच सत्तावीस अंशांवर असलेल्या खोलीत तग धरण्यास वाव कमी उरतो.

आता विन्यास. स्वतंत्र सर्व्हरची नेटवर्कवरील ओळख, म्हणजे त्याचा मॅक पत्ता, आणि साठवणयंत्रांना ठाऊक असलेली त्याची डब्ल्यूडब्ल्यूएन, ही त्याच्या सुट्या भागांत कोरलेली असते. भाग बदलला की ओळख बदलते आणि मग नेटवर्क व साठवण या दोन्ही खात्यांस इतला देऊन नोंदी दुरुस्त करून घ्याव्या लागतात. एचपीच्या व्हर्च्युअल कनेक्टने ही ओळख ब्लेडाकडून काढून खणाकडे दिली, आणि सिस्कोने सर्व्हिस प्रोफाइलच्या रूपाने ती खणापासूनही मुक्त करून केवळ दप्तरातील नोंद केली, की जी कोणत्याही मोकळ्या ब्लेडावर ठेवता येते. ब्लेड जळाला तर दुसरा सारावा आणि त्याने त्याच नावाने, त्याच पत्त्यावर, त्याच तबकडीवरून उठावे, ही या सर्व पद्धतीतील मला सर्वांत मोठी वाटणारी सिद्धी आहे. दाटीमुळे जागा वाचली हा लाभ पुढे इतर मार्गांनीही मिळू लागला. परंतु यंत्र आणि त्याचा अधिकार यांची अशी स्वच्छ फारकत होण्याने रात्री-अपरात्री काम करणाऱ्या तंत्रज्ञाचे कष्ट ज्या प्रमाणात कमी झाले, त्यास तोड नाही.

अर्थात ज्या दप्तरावर सारे अवलंबून असते ते हरवण्याचे भयही तेवढेच मोठे होते. पेटीतील कारभारी मॉड्यूल, जोडणी-मॉड्यूल, प्रत्येक ब्लेडावरील नियंत्रक आणि ब्लेडाचे स्वतःचे फर्मवेअर हे चार थर एकमेकांशी जुळणाऱ्या आवृत्त्यांचे असावे लागतात, आणि एकाची आवृत्ती पुढे नेली तर उरलेल्यांना कोणत्या क्रमाने न्यावयाचे याचे उत्पादकाने दिलेले कोष्टक तंतोतंत पाळावे लागते. सोळा सर्व्हरांची कामे निरनिराळ्या खात्यांची असली म्हणजे सर्वांना सोयीची अशी एकच वेळ सापडत नाही, अद्ययावतीकरण पुढे ढकलले जाते आणि अंतर इतके वाढते की मधल्या पायऱ्या घेतल्याशिवाय ते भरून काढता येत नाही. यावर उपाय यंत्राचा नाही, शिस्तीचाच आहे: विन्यासाची प्रत प्रत्येक बदलानंतर पेटीच्या बाहेर जतन करावी आणि वर्षातील ठरलेल्या दिवशी थांबण्याची संमती सर्व खात्यांकडून आगाऊ लेखी घ्यावी. उत्पादकाच्या बंधनाविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. एका कंपनीचा ब्लेड दुसरीच्या पेटीत बसत नाही. पेटी घेतली म्हणजे पुढील अनेक वर्षांचे ब्लेड, पंखे आणि मॉड्यूल कोणाकडून घ्यावयाचे हे ठरून गेले. २०१५ मध्ये डीएमटीएफ या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या रेडफिश मानकामुळे निरनिराळ्या उत्पादकांच्या यंत्रांना एकाच भाषेत प्रश्न विचारण्याची सोय झाली खरी, परंतु खणाचा आकार मानकात आलेला नाही.

मिडप्लेन हा या रचनेतील नाजूक भाग. त्यावर सहसा कोणतेही सक्रिय घटक नसतात, म्हणून तो आपणहून क्वचितच बिघडतो. परंतु ब्लेड तिरका सारल्याने त्याची एक सुई वाकली, तर ती बदलण्यासाठी सोळाही सर्व्हर बंद करावे लागतात. शिवाय तो हवेच्या वाटेत उभा असतो. डेलच्या २०१८ मधील एमएक्स-७००० ने आणि सिस्कोच्या २०२१ मधील एक्स-मालिकेने जोडणीपुरता तो काढूनच टाकला आणि पुढचे व मागचे मॉड्यूल एकमेकांना थेट काटकोनात भिडविले; वाऱ्याला मार्ग मोकळा झाला आणि पुढील पिढीचा जोडणी-वेग जुन्या पडद्यास झेपेल की नाही हा प्रश्नही मिटला. ज्या प्रचंड यंत्रशाळा आपले सर्व्हर आपणच घडवितात त्यांनी निराळा मार्ग धरला: फेसबुकने २०११ मध्ये सुरू केलेल्या ओपन कंप्यूट प्रकल्पात वीज सामायिक आहे, परंतु पेटीपुरती नव्हे तर संपूर्ण रॅकपुरती, एकाच बसबारवरून; आणि सर्व्हर बंद पडला तर काम दुसऱ्याकडे नेणे हे यंत्राचे नव्हे तर आज्ञावलीचे कर्तव्य मानले आहे. हजारो एकसारखे सर्व्हर असणाऱ्यास ते परवडते. जिल्हा बँक, रुग्णालय किंवा विद्यापीठ यांच्याकडे दोन-तीन पेट्याच असतात, आणि त्यातील प्रत्येक सर्व्हरचे काम वेगळे असते. त्यांना आतील कारभारी हवाच.

या सर्वांवर आता उष्णतेचेच नवे संकट आले आहे. सी-७००० च्या आरंभकाळातील झिऑन प्रोसेसर बहुधा ६५ ते ८० वॅटचे असत. २०२३ मध्ये बाजारात आलेल्या त्याच घराण्यातील वरच्या श्रेणीचे प्रोसेसर ३५० वॅटचे आहेत. एका ब्लेडावर असे दोन आणि त्यांच्या भोवती स्मृती धरली, तर सोळांच्या जागी आठ ठेवूनही जुन्या पेटीचा सगळा हिशेब उलटतो आणि हवेचा मार्ग कितीही मोकळा केला तरी तो अपुरा पडतो. पुण्यातच आयसर येथे २०१९ मध्ये राष्ट्रीय सुपरकंप्युटिंग मिशनखाली सी-डॅकने उभारलेला परम ब्रह्म हा महासंगणक प्रोसेसरवरून थेट द्रव खेळविणाऱ्या शीतनपद्धतीचा आहे. अशी पद्धत आता ब्लेडांच्या पेट्यांसाठीही मिळू लागली आहे. तेव्हा मंजुरीपूर्वी कारभाऱ्याने तपासावयाच्या बाबींत आणखी काहींची भर पडेल: आत येणाऱ्या द्रवाचे तापमान, त्याचा प्रवाह आणि दाब, आणि गळती ओळखणाऱ्या संवेदकाचा कौल. त्यांतील शेवटच्या बाबीवर ब्लेड बंद करावयाचा, पेटी बंद करावयाची की सारा रॅक, हा निर्णय प्रत्येक यंत्रशाळेने पहिला ब्लेड बसविण्यापूर्वीच घेऊन ठेवावयाचा आहे.